मजकूर नको, कागद हवा

जतच्या लोकमित्र वाचनालयात पुस्तकांच्या आंतरग्रंथालयीन देवघेवीची एक वेगळी वही होती. परगावच्या वाचनालयाला आपलं पुस्तक हवं असलं, किंवा आपल्या वाचकाला त्यांचं, की त्या वहीत नोंद व्हायची आणि पुस्तक टपालानं निघायचं. मग २०३३ साली खुल्या मजकुराचा कायदा आला. हक्काची मुदत संपलेली सगळी पुस्तकं, बंद पडलेली नियतकालिकं, सरकारी पैशातून झालेलं सगळं संशोधन कोणालाही, कुठेही पडद्यावर मिळू लागलं. गोरखपूरच्या ग्रंथालयातला लेख जतमध्ये दहा सेकंदांत येऊ लागल्यावर पुस्तक टपालात घालण्याचं कारणच उरलं नाही. ग्रंथपाल अंबिका बिराजदार सहा वर्षं दर महिन्याला जिल्ह्याला अहवाल पाठवत होती. मागण्या शून्य, पुरवठा शून्य.

त्यामुळे २०३९च्या जानेवारीत पुण्याहून एकदम चौदा पुस्तकांची मागणी आली तेव्हा तिला वाटलं, कोणाची तरी चूक झालीय. यादीही विचित्र होती. एक रहस्यकथा, एक लोणची-मुरंब्यांचं पुस्तक, घड्याळदुरुस्तीची मार्गदर्शिका, हिमालयातलं प्रवासवर्णन. चौदाही पुस्तकं पडद्यावर फुकट उपलब्ध होती. तसं तिनं कळवलं. तासाभरात उत्तर आलं.

"मजकूर नको, कागद हवा. मी स्वतः न्यायला येते. कृपया तोवर पुस्तकांना हात लावू नये. डॉ. झाकिया अत्तार, श्वसनरोग अभ्यास केंद्र."

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आल्या. पस्तिशीच्या, चटपटीत, पायात धुळीनं माखलेले बूट. चौदाही पुस्तकांवर एकच जुना शिक्का होता, 'टेकडीवरचे आरोग्यधाम'. गावाबाहेरच्या टेकडीवर पूर्वी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. कोरडी हवा, रिकामं माळरान. ते १९७६ साली बंद पडलं आणि तिथलं नऊशे पुस्तकांचं कपाट लोकमित्रकडे आलं. गेल्या वीस वर्षांत ते कोणी उघडलं नव्हतं.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले, पिशवीतून एक पांढरा खोडरबर काढला. शाळेत मुलं वापरतात तसलाच. रहस्यकथेचं एक पान उघडून त्याच्या खालच्या कोपऱ्यावर त्यांनी तो हलकेच घासला आणि पडलेली भुकटी एका बारीक नळीत भरली.

"हे काय करताय?" अंबिकेनं विचारलं.

"वाचतेय," डॉक्टर हसल्या. "आपण पान उलटतो ना, तेव्हा बोटाचा घाम, कातडीचे कण कागदाला लागतात. थुंकी लावून उलटायची सवय असेल तर थुंकीही. कागद म्हणजे शेवटी लगदाच. तो ते पितो आणि कोरड्या जागी असला तर शंभर वर्षं जपून ठेवतो. रबर घासला की स्थिर विजेनं ते कण भुकटीला चिकटतात. पुस्तकाला ओरखडासुद्धा उठत नाही. ही भुकटी आमच्या यंत्रात घातली की कळतं, हे पान किती जणांनी उलटलं, त्यात बायका किती, पुरुष किती, प्रत्येकाचं वय साधारण काय होतं. आणि त्या वेळी त्यांच्या छातीत काय होतं."

अंबिका खुर्चीवर बसली. तिला कशाबद्दल बोलणं चाललंय ते आता कळलं होतं.

गेल्या चौदा महिन्यांत जतमध्ये क्षयाचे सहा रुग्ण सापडले होते. एक गवंडी, एक भाजीवाली, एक मेंढपाळ, ट्रॅक्टर चालवणारा एक माणूस, शाळेत खिचडी शिजवणारी एक बाई, आणि सहावी तायाक्का. तायाक्का लोकमित्रमध्येच शिपाई होती. चाळिशीची, काटक बाई. दोन महिन्यांपूर्वी झाडता झाडता तिच्या तोंडातून रक्त आलं, तेव्हा अंबिकाच तिला दवाखान्यात घेऊन गेली होती.

"सहा जण सहा गल्ल्यांतले," डॉक्टर म्हणाल्या. "एकमेकांना ओळखत नाही म्हणतात. पण सहांच्या थुंकीतला जंतू एकच आहे. आणि तो आजचा नाहीच. आजचे जंतू बरीचशी औषधं पचवून बसलेत. याला कुठल्याच नव्या औषधाची ओळख नाही. जुनं स्ट्रेप्टोमायसिन तेवढं याच्यावर चालत नाही. म्हणजे त्या काळात ते इंजेक्शन घेतलेल्या कोणाच्या तरी शरीरात हा जंतू मुरला, साठ-पासष्ट वर्षं झोपला आणि आता जागा झालाय."

"असं होतं?"

"होतं. म्हातारपणी शरीराचा पहारा ढिला पडला की होतं. तुमच्या आरोग्यधामातल्या डॉक्टरांनी १९७३ साली एका लहानशा नियतकालिकात पाच पानी लेख लिहिला होता, स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणाऱ्या रुग्णांवर. खुल्या मजकुरात तो अंक आला म्हणून मला सापडला. रुग्णांचे कागद मिळतील का म्हणून चौकशी केली, तर वाळवीनं खाल्ले म्हणे."

"हो. पुस्तकं तेवढी वाचली."

"पुस्तकं पुरेत. तुमच्या यादीवरून त्या दोन वर्षांत तिथे नवी आलेली चौदा निवडलीत. तो जंतू कोणाच्या बोटांतून या पानांवर उतरलाय ते मी पंधरा दिवसांत सांगते. पण यंत्राला नाव कळत नाही. ते तुमच्याकडे आहे."

अंबिकेनं मान वर केली. कपाटाबरोबर आरोग्यधामाची देवघेवीची वहीही आली होती, हे डॉक्टरांना जुन्या अहवालातून कळलं असणार. कोणत्या खाटेवरच्या रुग्णानं कोणतं पुस्तक कधी नेलं, सगळं नावानिशी.

"पुस्तकं न्या," ती म्हणाली. "वही मिळणार नाही."

"अंबिकाताई, हा माणूस कदाचित रोज कोणाला तरी आजार देतोय."

"मला समजतंय. पण त्या वहीत दोनशे नावं आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या घरी आजही माहीत नाही की ते टेकडीवर होते. तुमच्या यंत्रात ठसा आहे आणि माझ्या वहीत नाव. दोन्ही एकत्र आले की त्या घराण्याचं अख्खं शरीर उघडं पडतं, नातवंडांपर्यंत. लग्न जमवणारी मंडळं आतापासूनच घराण्याचा आरोग्यपट मागतायत. परवाच सोलापूरच्या एकांनी सून करून घ्यायच्या आधी मुलीच्या आजोबांची जुनी पोथी तपासायला दिल्याचं ऐकलं. ते कशासाठी, हे मला आज कळलं. कोणी काय वाचलं हे वाचनालय सांगत नाही, डॉक्टर. पोलिसांनाही सांगत नाही."

"मग मी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणीन."

"आणा. तो तुमचा अधिकार."

डॉक्टरांनी पावतीवर सही केली, पुस्तकं पेटीत भरली आणि निघाल्या.

घरी अंबिका आणि तिचे वडील, दोघंच. अप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाले आणि नंतर बावीस वर्षं लोकमित्रचे कार्यवाह होते. वाचकाचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा नियम त्यांचाच. आमदारांनी एकदा आपला विरोधक कोणती पुस्तकं नेतो ते विचारलं, तेव्हा अप्पांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं होतं. अंबिका तेव्हा कॉलेजात होती. ते पाहूनच तिनं ग्रंथपाल व्हायचं ठरवलं.

अलीकडे अप्पा वाळले होते. खोकला होता, पण तो ज्वारीच्या धुळीचा म्हणायचे. दिवाळीपासून व्हरांड्यात एकटेच झोपायचे, ताटही वेगळं घ्यायचे. गावात छातीच्या तपासणीचं शिबिर झालं तेव्हा "माझ्या छातीत काय बघायचंय आता" म्हणून गेले नाहीत. दुपारी दोन ते चार मात्र ते मोऱ्यांच्या बंद पडलेल्या छापखान्यात जात. तिथे चार म्हातारे बुद्धिबळ खेळतात, असं ते सांगत.

त्या दिवशी जेवताना अंबिकेनं सगळं सांगितलं. अप्पांचा हात भाकरीवरच थांबला.

"पुस्तकं दिलीस?"

"दिली."

"आणि वही?"

"नाही दिली."

"बरं केलंस," अप्पा म्हणाले. पण त्यांचा आवाज शाबासकी देणाऱ्याचा नव्हता. अर्धी भाकरी टाकून ते उठले.

बाराव्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला.

"चौदा पुस्तकांवर एकतीस माणसं सापडली. त्यांतल्या नऊ क्रमांकाच्या माणसाच्या ठशांत आपला जंतू आहे. चौदापैकी अकरा पुस्तकं त्यानं वाचलीत. पुरुष. तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. म्हणजे आज हयात असू शकतो." त्यांचा आवाज खाली आला. "अंबिकाताई, काल सातवी रुग्ण आली. वीटभट्टीवर काम करते. बावीस वर्षांची आहे, सहावा महिना. मी आदेशासाठी अर्ज केलाय."

"आदेश यायला किती दिवस लागतील?"

"दहा-बारा."

"मला एक दिवस द्या. वही मीच उघडते. नाव तुम्हाला सांगणार नाही, पण तो माणूस जिवंत असला तर उद्या तुमच्या दारात स्वतःच्या पायांनी येईल. ते माझ्याकडे लागलं."

"आणि तो आला नाही तर?"

"येईल," अंबिका म्हणाली. कोणाच्या जिवावर आपण हे म्हणतोय, ते तिला माहीत नव्हतं. पण आजवर तिनं दारात जाऊन मागितलेलं पुस्तक कधी बुडालं नव्हतं, आणि माणसं पुस्तकांपेक्षा वेगळी असतात यावर तिचा विश्वास नव्हता.

सोमवार होता, वाचनालय बंद. तिनं दार आतून लावून घेतलं आणि वही टेबलावर ठेवली. अकरा पुस्तकांचे दाखल क्रमांक एका कागदावर लिहिले आणि प्रत्येकापुढे ते नेणाऱ्यांची नावं मांडत गेली. रहस्यकथा बावीस जणांनी नेली होती, घड्याळदुरुस्ती फक्त चौघांनी. चार नावांतून काम सोपं झालं. पाऊण तासात एकच नाव उरलं.

म. बा. बिराजदार. वय १७. पुरुष कक्ष, खाट २२.

जतमध्ये बिराजदार पायलीचे पन्नास. तिनं स्वतःला तसं सांगितलंही. मग पुस्तक परत केल्याच्या रकान्यातली सही तिनं पाहिली. 'म'ची काठी खाली ओढून डावीकडे वळवलेली. दहा वर्षं तिच्या प्रगतिपुस्तकावर हीच सही होत होती.

तिनं वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली दोनदा तपासली आणि छापखान्याकडे चालू लागली.

छापखान्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत बुद्धिबळाचा पट नव्हता. भिंतीला एक फळा टेकवलेला होता. समोर तीन बाक. कोपऱ्यात पाट्या रचून ठेवलेल्या. खिडक्यांना आतून जुनी वर्तमानपत्रं चिकटवली होती. अप्पा एकटेच स्टुलावर बसून ओल्या फडक्यानं फळा पुसत होते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत जोडाक्षरं होती.

"आत येऊ नकोस," ते म्हणाले. "दारातच उभी राहा. वही उघडलीस?"

"हो."

अप्पांनी फडकं खाली ठेवलं. "माझी आईसुद्धा कोणाला सांगायची नाही. मुलगा मिरजेला मामाकडे शिकायला आहे म्हणायची. तुझ्या आईलाही मी सांगितलं नाही. आधी लग्न मोडेल म्हणून, नंतर इतकी वर्षं लपवलं कसं म्हणून. बरा होऊन सहासष्ट वर्षं झाली, अंबे. मला वाटायचं, तो मुलगा कधीच मेला."

"आणि हे काय आहे?"

"वर्ग आहे."

त्यांनी थांबत थांबत सांगितलं. हल्ली कोणाला वाचता येत नाही हे ओळखूच येत नाही. फोन पाटी वाचून दाखवतो, अर्ज भरतो, औषधाच्या बाटलीवरचं सांगतो. वाचता न येणारी माणसं गावात होती तितकीच राहिली, फक्त दिसेनाशी झाली. पण फोन वाचतो तो मोठ्यांदा वाचतो. दवाखान्याचा कागद असो की लेकीची चिठ्ठी, शेजारचाही ऐकतो. तीन वर्षांपूर्वी भाजीवाली त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, मास्तर, मला गुपचूप शिकवा, माझं मला वाचायचंय. मग एकामागून एक अकरा जण आले. कोणालाही कळू देणार नाही, असं अप्पांनी प्रत्येकाला वचन दिलं होतं. म्हणून खिडक्यांना कागद लावले.

"तायाक्का?"

"सातवी पास आहे असं सांगून नोकरीला लागली होती. दोन वर्षं तुझ्या वाचनालयात पुस्तकं रंगावरून ओळखून लावायची."

अंबिकेला आठवलं, तायाक्काच्या हातून एकही पुस्तक चुकीच्या कप्प्यात गेलं नव्हतं. आणि डॉक्टरांनी संपर्काची यादी विचारली तेव्हा सातही जणांनी ही खोली वगळली होती.

"पहिले दोघं आजारी पडले तेव्हा मला वाटलं, योगायोग," अप्पा म्हणाले. "तायाक्का पडली तेव्हा कळलं. तेव्हाच वर्ग बंद केला. पण पुढे काय करू? मी दवाखान्यात गेलो असतो तर डॉक्टरांनी विचारलं असतं, कोणाकोणाबरोबर बसत होतात. अकरा जणांना दिलेला शब्द मोडायचा? रोज इथे येऊन फळा पुसतो आणि विचार करतो."

"दोन महिने विचार केलात, अप्पा. त्या दोन महिन्यांत वीटभट्टीवरची मुलगी आजारी पडली. सहावा महिना आहे तिला."

अप्पांनी डोळे मिटले. "कमळी," ते हळूच म्हणाले. अंबिकेला राग आला होता आणि तो तिनं लपवला नाही. पण या माणसानं दोन महिने जे सांभाळलं होतं तेच तीही गेले बारा दिवस सांभाळत होती.

"शब्द मोडायचा नाही," ती म्हणाली. "मी डॉक्टरांना नाव सांगणार नाही म्हटलंय आणि माणूस पाठवीन म्हटलंय. तुम्हीही तेच करा. नावं देऊ नका. माणसं पाठवा."

"कशी?"

"तुमच्या शब्दावर येतील. तुमच्याकडे फोन आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रिक्षानं ग्रामीण रुग्णालयात निघाले. अप्पांनी मास्क लावला होता, रिक्षाचे दोन्ही पडदे वर बांधले होते. माळावर ऊन चढत होतं.

"एक विचारू?" अप्पा म्हणाले. "डॉक्टरांकडे एकतीस ठसे आहेत ना?"

"हो."

"टेकडीवर बायकांचा कक्ष वेगळा होता. मधे तारेचं कुंपण. भेटायची परवानगी नव्हती, चिठ्ठीचीही नव्हती. पुस्तकं तेवढी इकडून तिकडे जायची. स्त्री कक्षातल्या सात नंबरच्या खाटेवरची मुलगी मी वाचलेलं प्रत्येक पुस्तक मागून वाचायची. मग मी तिनं वाचलेली वाचायला लागलो. घड्याळदुरुस्ती मला कशाला वाचायची होती? तिनं वाचली म्हणून वाचली. तोंड मी दोनदाच पाहिलं असेल, लांबून. एका सकाळी खाट रिकामी होती. बरी होऊन घरी गेली, म्हणाले. त्या काळी सगळ्यांच्याच बाबतीत तसं म्हणायचे." त्यांनी अंबिकेकडे पाहिलं. "हिमालयाचं पुस्तक तिनं सगळ्यात शेवटी नेलं. त्याच्या पानांवरून कळेल ना, तेव्हा तिची छाती सुधारत होती की नाही?"

कळलं असतं. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं. रिक्षा खड्ड्यातून गेली, सावरली.

"नाही विचारणार, अप्पा," अंबिका म्हणाली.

"मी तुझा बाप आहे."

"म्हणूनच नाही. तीही वाचकच होती. तिच्या घरचं कोणी उद्या येऊन तुमच्याबद्दल विचारलं, तर मी त्यांनाही सांगणार नाही."

अप्पांनी तोंड फिरवलं. रुग्णालयाचं फाटक येईपर्यंत ते बाहेरच बघत होते. रिक्षातून उतरताना त्यांनी तिचा हात धरला नाही, काठीवरच भार दिला. मग पायरीवर थांबून म्हणाले, "आमदाराला मी निदान चहा तरी पाजला होता."

"संध्याकाळी डब्याबरोबर पाठवते," अंबिका म्हणाली. आणि अप्पा मास्कच्या आत हसले, ते डोळ्यांवरून कळलं.

रात्रीच पुण्याहून आलेल्या डॉ. अत्तार दारातच उभ्या होत्या. म्हातारबांचं आडनाव त्यांनी अर्जावर वाचलं, अंबिकेकडे एकदा पाहिलं आणि काहीही न विचारता त्यांना क्ष-किरणासाठी आत नेलं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात बोराएवढी पोकळी निघाली. जुनाच जंतू, नव्या औषधांना अगदी भाबडा. चार महिन्यांच्या गोळ्या, आणि पहिल्या पंधरवड्यातच त्यांच्यापासून कोणाला धोका राहणार नाही, असं डॉक्टर म्हणाल्या.

त्याच दुपारी अप्पांनी खाटेवरून चार फोन केले. अकरांपैकी जे चौघं अजून धडधाकट होते, त्यांना. दवाखान्याच्या मागच्या दारानं या, असं सांगितलं. डॉक्टरांना नाव सांगू नका, वर्गाचंही नाही. फक्त 'बुद्धिबळ' म्हणा. आदल्याच संध्याकाळी अंबिकेनं डॉक्टरांना हा शब्द सांगून ठेवला होता. डॉक्टर आधी वैतागल्या, मग त्यांनी आपल्या टिपणवहीच्या कोपऱ्यावर तो लिहून घेतला.

तीन दिवसांत चौघंही आले. दोघांची छाती स्वच्छ होती. दोघांत जंतू शिरला होता पण जागा झाला नव्हता, त्यांना गोळ्या सुरू झाल्या. कमळीचा आजार अगदी सुरुवातीला सापडला होता. तिला आणि बाळाला काही होणार नाही, असं डॉक्टरांनी छातीठोक सांगितलं. त्यानंतर जतमध्ये नवा रुग्ण सापडला नाही. आदेशाचा अर्ज डॉक्टरांनी आठवड्याच्या आतच मागे घेतला होता. केंद्राच्या नोंदीत तो माणूस आजही 'क्रमांक नऊ' एवढाच आहे. आणि जिल्ह्यातल्या बाकीच्या वाचनालयांकडे कागदाची मागणी येऊ लागली तेव्हा सगळ्यांनी लोकमित्रनं घातलेलीच अट घातली. कागद मिळेल, वाचक मिळणार नाही. माणसाला निरोप द्यायचा असेल तर तो ग्रंथपाल देईल.

एक काम मात्र फोनवर होण्यासारखं नव्हतं. आजारी पडलेल्या सातही जणांना अप्पांना स्वतः सांगायचं होतं की हे माझ्यामुळे झालं. पंधरवडा संपेपर्यंत त्यांना बाहेर सोडत नव्हते. मग त्यांनी अंबिकेकडून जाड कागद मागवला आणि सात पत्रं लिहिली. अक्षरं मोठी, सुटी सुटी, फळ्यावर लिहावीत तशी. प्रत्येकाला जितकी अक्षरं शिकवून झाली होती तेवढीच वापरून. सहा पाकिटं टपालात गेली. सातवं त्यांनी अंबिकेच्या हातात दिलं.

"तायाक्काला तू नेऊन दे. मी तिला फोनवर विचारलं. बाईंनाच पाठवा म्हणाली."

तायाक्का अंगणात बाजेवर बसली होती. औषधांनी चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. लेकीला तिनं अजून गावाकडे बहिणीकडेच ठेवलं होतं. अंबिकेनं पाकीट दिलं आणि सवयीनं म्हणाली, "वाचून दाखवू का?"

"नगं, बाई. मला येतंय," तायाक्का म्हणाली. मान ताठ करून म्हणाली. मग कागद उलगडून ती बोट ठेवत, अक्षर अक्षर जोडत मोठ्यांदा वाचू लागली. "ता-या-क्का-ला. तु-ला हा आ-जा-र मा-झ्या-मु-ळे झा-ला." तिचं बोट तिथेच थांबलं. ती पुन्हा पहिल्यापासून वाचून गेली, आपली काही चूक तर होत नाही ना, म्हणून. मग उरलेलं पत्र तिनं मनात वाचलं. ओठ हलत होते. अंबिका उभीच होती.

"तीन महिनं झालं, मी माझ्या पोरीला जवळ घेतलं न्हाई," तायाक्का म्हणाली. "देवाचा कोप म्हनून नवस बोलले. शेजारच्या बाईला शिव्या घातल्या. आन् ह्ये." तिनं कागद बाजेवर आपटला. "वाचाया येत नव्हतं त्येच बरं हुतं."

पलीकडे कोणाच्या तरी घरी गिरणीतून आलेलं पीठ चाळत होते. तायाक्कानं पत्र पुन्हा उचललं, शेवटच्या दोन ओळी परत वाचल्या. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "पेन हाय का, बाई?"

तिनं त्याच कागदाच्या पाठीमागे लिहिलं. बराच वेळ लागला. मधे एकदा तिनं एक शब्द खोडला आणि खोडलेला दिसू नये म्हणून त्यावर चौकोन काढून तो भरून टाकला. घडी घालून अंबिकेकडे देताना म्हणाली, "तुमी वाचू नगा."

अंबिकेनं वाचलं नाही. रुग्णालयाच्या खिडकीपाशी जाऊन तिनं ते अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि दोनदा वाचला. तिसऱ्यांदा त्यांनीच तो तिच्यापुढे केला.

"अपा, लइ राग आलाय. बरी झाले की येते. वरग बंद करू नका. रफार राहिला आहे."

"अप्पामधला अर्धा प खाल्ला," अप्पा म्हणाले. "लई चुकलं. वर्ग चुकला, तो चुकणारच होता. पण राग बघ. राग अगदी बरोबर लिहिलाय."